शांततेचा उमेदवार

आमच्या फ्रीजमध्ये कोबी असतो, विरजणाची वाटी असते, ह्यांच्या डोळ्यांत घालायचे थेंब असतात आणि अधूनमधून स्कूटरची किल्ली असते. पाहुणे पाण्याची बाटली काढायला फ्रीज उघडतात, किल्ली बघतात आणि एक अक्षर न बोलता दार लावून घेतात. जाताना मग उगाच माझा हात हातात घेऊन "जपा हं दोघंही" म्हणतात. गैरसमज दूर करत बसायचं मी सोडून दिलंय. किल्ली माझ्या भाच्याची असते आणि तो ती पूर्ण शुद्धीवर असताना, विचार करून तिथे ठेवतो.

भाच्याचं नाव मीच ठेवलंय. बारशाला पाठीत बायकांचे धपाटे खात त्याच्या कानात कुर्र करणारी आत्या ती मीच. म्हणजे या पोराच्या कानात मुद्दाम सोडलेला पहिला आवाज माझा, हे मी त्याला वरचेवर ऐकवते. ते नाव आता आधार कार्डापुरतं उरलंय. आमच्या गोरेगावच्या सोसायटीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्याला बूम्या म्हणतात. शूटिंगच्या वेळी नटांच्या डोक्यावर लांब दांड्याच्या टोकाला माइक धरतात तो बूम, आणि तो धरणारा बूम्या. कारखान्यात जसा हेल्पर, वकिलाकडे जसा ज्युनिअर, तशी सिनेमाच्या आवाजखात्यातली ही पहिली पायरी. पहिली म्हणजे तिच्याही खाली एक असते, केबल उचलण्याची. बूम्या तिथूनच चढला.

तीन वर्षांपूर्वी सांगलीहून भावाचा फोन आला. "बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्स झाला आणि आता साउंडमध्ये जातो म्हणतोय." आवाज असा, की घरात कोणाचं काही बरंवाईट झालंय. मी म्हटलं, जाऊ दे की. तर म्हणाला, "अगं, साउंड म्हणजे डॉल्बी! उद्या गणपतीत ट्रॅक्टरवर बसून फिरेल." आमच्याकडे डॉल्बी म्हणजे मिरवणुकीत खिडक्यांची तावदानं आणि म्हाताऱ्यांची काळजं हलवणाऱ्या स्पीकरच्या भिंती. पुढे बूम्यानेच सांगितलं, की रे डॉल्बी नावाच्या माणसाने 1965 साली लंडनमध्ये कंपनी काढली आणि त्याचं नाव झालं ते टेपमधली खरखर कमी करणाऱ्या यंत्रामुळे. ज्याने नको तो आवाज घालवला, त्याचंच नाव आमच्या लोकांनी नेमकं कशाला द्यावं!

भावाची अपेक्षा होती, की मी पोराची समजूत घालीन. त्याने चुकीचा नंबर फिरवला होता. मी 1984 साली बॉम्बे टेलिफोन्समध्ये ऑपरेटर म्हणून लागले, 1986 मध्ये त्याचं एमटीएनएल झालं आणि जानेवारी 2020 मध्ये व्हीआरएस घेऊन घरी आले. त्यातली सुरुवातीची कितीतरी वर्षं ट्रंकवर, म्हणजे परगावचे कॉल जोडून देण्यावर. लोक 180 फिरवायचे आणि पलीकडे मी असायचे, कानाला हेडसेट, समोर बोर्ड, हातात कॉर्ड. ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग. ज्याला कॉल लागला तो थँक्यू म्हणायला थांबत नसे आणि ज्याला लागला नाही तो माझ्या सात पिढ्या काढायचा. तेव्हा कानावर पोट भरणाऱ्या माणसाबद्दल मला मुळातच माया. मी भावाला म्हटलं, पाठव त्याला इकडे.

पोरगा आला तो एक बॅग, एक हेडफोन आणि रसूल पूकुट्टींचा फोटो घेऊन. केरळच्या एका खेड्यातून आलेला हा मुलगा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आवाजाचं काम शिकला आणि 'स्लमडॉग मिल्यनेअर'च्या ध्वनिमिश्रणासाठी 2009 साली ऑस्कर घेऊन आला, हा बूम्याचा घरच्यांविरुद्धचा मुख्य पुरावा होता. पुण्याची प्रवेश परीक्षा बूम्याने दोनदा दिली होती. प्रभात कंपनीच्या जुन्या जागेवरची ती इन्स्टिट्यूट त्याने दोन्ही वेळा आत जाऊन बघितली आणि दोन्ही वेळा तिने त्याला बाहेर पाठवलं. मग उरली उमेदवारी.

उमेदवारीचं पहिलं वर्ष शॉर्टफिल्ममध्ये गेलं. शॉर्टफिल्म करणाऱ्यांची एक वेगळी जमात गोरेगाव, अंधेरी, मालाड भागात राहते. त्यांच्यात प्रत्येक जण दिग्दर्शक असतो. कॅमेरा भाड्याने आणायला पैसे असतात, लेन्स आणायला असतात, ड्रोनलासुद्धा असतात. आवाजाच्या नावावर शेवटी उरेल ते ठेवलेलं असतं आणि शेवटी काही उरत नाही. "पैसे नाही देता येणार रे, पण क्रेडिट देऊ." वर्षभरात बूम्याने अकरा शॉर्टफिल्म केल्या. त्यातल्या सहा-सात फिल्ममध्ये एक उदास मुलगा समुद्राकडे बघतो आणि काही बोलत नाही. मी विचारलं, बोलतच नाही तर तुला कशाला नेतात? तो म्हणाला, "आत्या, त्याच्या न बोलण्याचा आवाज घ्यायला."

ही मला तेव्हा थट्टा वाटली होती.

त्याच वर्षी आमच्या घरात एक पुरावाही तयार झाला. रात्री दीड वाजता बूम्या हॉलमध्ये मशीन लावून कसले तरी काटे बघत बसला होता. सकाळी त्याने ह्यांच्या कानाला हेडफोन लावला. पस्तीस वर्षं हे छातीवर हात ठेवून सांगत आले होते, की मी घोरत नाही, तुझ्या मनाचे खेळ आहेत. पूर्ण दोन मिनिटं त्यांनी स्वतःचं घोरणं ऐकलं, अगदी गंभीर चेहऱ्याने. मग हेडफोन काढून म्हणाले, "हे डबिंग आहे."

दुसऱ्या वर्षी त्याला वस्ताद भेटले. वस्ताद म्हणजे चाळीस वर्षं या धंद्यात मुरलेले एक साउंड रेकॉर्डिस्ट. बाकीचे त्यांना सर म्हणतात. बूम्या सांगलीचा, तालमीच्या गावचा, त्याने पहिल्या दिवशीच वस्ताद म्हटलं आणि गृहस्थ खूश झाले. बोलतात फार कमी. दिवसभर कानात दुसऱ्यांचं बोलणं ओतून घेतलेल्या माणसाला स्वतः बोलायची इच्छा राहत नाही, हे मी अनुभवाने सांगते. ड्यूटीवरून घरी आले, की मीही तासभर फक्त मान हलवायचे. वस्तादांच्या घरी काचेच्या कपाटात एक जुनी नाग्रा आहे. स्वित्झर्लंडची टेप मशीन, पोटात टॉर्चचे बारा मोठे सेल, खांद्यावर घेतली की खांदा उतरणार. पोलिश भाषेत 'नाग्रा' म्हणजे 'रेकॉर्ड करील', कारण ती काढणारा कुडेल्स्की मूळचा पोलंडचा. वस्ताद दर दसऱ्याला तिला हार घालतात. बूम्याला तिला हात लावायला अजून परवानगी नाही, फक्त झेंडू आणायची आहे.

वस्तादांनी पहिले आठ दिवस त्याच्याकडून केबल गुंडाळून घेतली. दुसरं काही नाही. आपण वायर गुंडाळतो ती अंगठा आणि कोपर यांच्यावरून, सुतळीसारखी. तशी गुंडाळली, की आतली तार पिळत जाते आणि एक दिवस ऐन रडण्याच्या सीनमध्ये खर्रकन बोलते. म्हणून एक वेढा सरळ टाकायचा, पुढचा मनगट आत वळवून उलटा, पुन्हा सरळ, पुन्हा उलटा. अशी केबल एक टोक धरून फेकली, की शेवटपर्यंत एक गाठ न पडता सुटत जाते. मी मुद्दाम करायला लावून बघितलं. दहा मीटर केबल आमच्या हॉलमधून पॅसेजमधून थेट मोरीपर्यंत सापासारखी सरळ पळाली. आठ दिवसांनी वस्ताद म्हणाले, "ठीक." आमच्या घरात मात्र काही ठीक राहिलं नाही. इस्त्रीची वायर, मिक्सरची वायर, दिवाळीची तोरणं, माझं अर्धवट विणलेलं लोकरीचं बंडल, सगळं एक सरळ एक उलटं होऊन बसलं. ह्यांच्या लेंग्याच्या नाडीलाही तोच न्याय मिळाला.

मग बूम. बाजारात जो गन माइक सर्रास वापरतात त्याचं वजन जेमतेम 165 ग्रॅम, म्हणजे दोन वाट्या पोह्यांइतकंसुद्धा नाही. पण तो तीन मीटर दांड्याच्या टोकाला असतो, वर वाऱ्यासाठी केसाळ टोपडं असतं, आणि दांडा दोन्ही हात डोक्यावर ताणून चार-चार मिनिटं आडवा धरायचा असतो. हात थरथरला, की तो थरथराट रेकॉर्ड होतो. बूम खाली आला की फ्रेममध्ये दिसतो, वर गेला की आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, आणि दिवा चुकला की त्याची सावली हिरॉइनच्या कपाळावर पडते. तालमीसाठी बूम्याने माझी कपडे वाळत घालायची काठी घेतली आणि तिच्या टोकाला अर्धी भरलेली पाण्याची बाटली बांधली. ती काठी घेऊन तो घरभर आमच्या मागे.

यातली खुबी अशी, की माइक बोलणाऱ्याकडे वळवायचा तो त्याने तोंड उघडायच्या आधी. म्हणून चांगल्या बूमवाल्याला नटांपेक्षा जास्त संवाद पाठ असतात. आमच्या घरी ते सोपं गेलं. ह्यांनी आमटीचा पहिला घास घेतला की बाटली त्यांच्या डोक्यावर. "मीठ..." एवढं त्यांनी म्हणायच्या आत ती माझ्या डोक्यावर. पस्तीस वर्षं चाललेलं नाटक, स्क्रिप्टमध्ये कानामात्रेचा बदल नाही, चार दिवसांत त्याला तोंडपाठ झालं. खरी परीक्षा समोरच्या काकूंनी घेतली. त्या साखर मागायला आल्या आणि नेहमीप्रमाणे सुनेवर उतरल्या. बूम्या काठी घेऊन उभा राहिला. पंचवीस मिनिटांनी त्याच्या दंडाला पेटका आला तेव्हा काकूंची सून अजून लग्न होऊन घरात यायची होती. "आत्या," तो दंड चोळत म्हणाला, "एवढा लांब टेक इंडस्ट्रीत कोणी घेत नाही." काकूंनी जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, की डोक्यावर पाणी धरायचं व्रत कोणाचं आहे.

पण केबल काय, बूम काय, ही झाली हातातली विद्या. नव्या पोराचं खरं काम वेगळंच असतं. ते म्हणजे शांततेची भीक मागणं.

पूर्वी याची गरज नव्हती. एक तर कॅमेरेच इतके खडखडायचे, की सेटवरचा आवाज नुसता खुणेपुरता घ्यायचा आणि नट-नट्यांनी नंतर डबिंगच्या काचेमागे उभं राहून तेच प्रेम पुन्हा करायचं. वस्तादांची निम्मी नोकरी अशी खुणेचा आवाज घेण्यात गेली. 2001 साली 'लगान' आला. एवढा मोठा सिनेमा, भूजजवळच्या उघड्या माळावर, आवाज जागेवरच घेतलेला. तो चालला आणि मग हळूहळू सगळ्यांनाच जागेवरचा आवाज हवा झाला. जागा मात्र होत्या तशाच राहिल्या. बूम्याने एकदा कुरकुर केली, की फ्लॅटशेजारून लोकल जाते, काम कसं करायचं. वस्तादांनी त्याला 'आलम आरा' सांगितला. 1931 साली आपला पहिला बोलपट झाला तो स्टुडिओ रेल्वे रुळांच्या कडेलाच होता. गाड्या बंद झाल्या, की रात्री एकनंतर काम सुरू व्हायचं. "नव्वद वर्षांत गाड्या वाढल्या," वस्ताद म्हणाले, "रात्र तेवढीच आहे. जा, पंप बंद करून ये."

तर वाईजवळ मेणवलीला शूटिंग होतं. कृष्णेचा घाट, नाना फडणवीसांचा वाडा. 'स्वदेस' सिनेमापासून ही जागा सगळ्या हिंदुस्थानाला पाठ आहे. वाड्यात सासू-सुनेचा हळवा सीन. वस्तादांनी हेडफोन लावला, डोळे मिटले आणि एक बोट वर केलं. याचा अर्थ बूम्याने पळायचं. कुठे ते विचारायचं नाही, ऐकायचं. बूम्याने ऐकलं. धप धप धप धप. पिठाची गिरणी.

तो पळत गेला. गिरणीत सहा बायका, सहा डबे, आणि पिठाने पांढरा झालेला गिरणीवाला. बूम्याने हात जोडले. "मामा, दहा मिनिटं बंद ठेवा. शूटिंग आहे."

"ठेवतो की. हे एवढं दळण झालं की ठेवतो."

"किती वेळ लागेल?"

"हिची ज्वारी, मग ह्यांचं गहू, मग भाजणी." भाजणीवाली म्हणाली, माझी भाजणी गव्हावर नको, आधी हरभऱ्याची डाळ घाला. त्यावरून नंबराचा वाद सुरू झाला आणि त्या वादाचा आवाज गिरणीपेक्षा लांब गेला. बूम्याने तोड काढली. सगळ्यांचं दळण तो शूटिंग संपल्यावर स्वतः घरपोच करील. बायका तयार झाल्या. गिरणी थांबली. बूम्या दारातच उभा राहून वॉकीवर "क्लीअर" म्हणाला. सीन सुरू झाला, सासू रडली, सून रडली, आणि मध्येच उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, टपावर स्पीकर, 'साउंड'. ज्याला भिऊन भावाने फोन केला होता तो डॉल्बी शेवटी असा आडवा आला. बूम्या रस्त्यावर आडवा उभा राहिला. ड्रायव्हरने गाणं बंद केलं आणि वर त्यालाच विचारलं, "हिरो कोण हाय?" बूम्याने नाव सांगितलं. "मग बंद कशाला करायला लावतोस? त्याचंच गाणं हाय की!"

त्या संध्याकाळी बूम्या सहा डबे घेऊन सहा घरं हिंडला. तीन घरी चहा, एका घरी स्थळाची चौकशी. त्या गावात त्याला आजही ओळखतात, सिनेमावाला म्हणून नाही, दळणवाला म्हणून.

अशी भीक मागत मागत त्याचा कान तयार झाला आणि आमचे हाल सुरू झाले. तो जेवायला बसला, की घास हातात ठेवून म्हणतो, "वरच्या मजल्यावर पाण्याचा नळ नीट बंद नाही." जाऊन बघावं तर खरंच नसतो. लग्नाला नेलं तर मुहूर्ताच्या वेळी पुटपुटतो, भटजींच्या माइकला हम आहे. सिनेमाला नेलं तर कथा काय विचारू नका, "तिसऱ्या सीनला पैठणी बोलते" असं सांगतो. पैठणी खरंच बोलते म्हणे. कपड्यांच्या आत छातीशी हरभऱ्याएवढा माइक चिकटवतात, त्याला लॅपल. त्यावर रेशीम घासलं, की पापड भाजल्यासारखा आवाज. म्हणून जखमेवर लावायची कागदी चिकटपट्टी लावून कापड घट्ट बसवायचं. आणि मराठी सिनेमा म्हणजे मंगळसूत्र आलं, बांगड्या आल्या. हिरवा चुडा भरलेली नवरी हळूच काही बोलायला गेली, की पलीकडे कासाराचं दुकान उलथल्यासारखं ऐकू येतं. बांगड्यांच्या मध्ये पारदर्शक पट्टी लावून त्या एकमेकींना बांधून टाकणं हे बूम्याचं काम. नट्या हात पुढे करतात आणि हा खाली मान घालून चिकटपट्टी लावतो. सांगलीला हे कळलं तेव्हा वहिनीने फोनवर विचारलं, की म्हणजे नक्की बांगड्या भरतो की काय.

या लॅपलचा दुसरा एक गुण आहे. तो लावून नट जेवायला गेला, गाडीत बसला किंवा आणखी कुठे गेला, तरी माइक ऐकतच असतो, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला बूम्याचा कान असतो. निर्मात्याने कोणाला काय कबूल केलं, दिग्दर्शकाबद्दल हिरोचं खरं मत काय, कोणाचं कोणाशी, सगळं. मला वाटलं, चला, पोराला पोसल्याचं चीज झालं. मी भेंडी चिरता चिरता सहज विचारलं, "ती अमुक आणि तो अमुक, खरं आहे का रे?"

"फेडर खाली केला होता, आत्या."

"नेहमी करतोस?"

"वस्तादांचा नियम आहे. टेक संपला की कान बंद." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू कधी कोणाचं सांगितलंस?"

आता यावर काय बोलणार? नोकरीला लागतानाच आम्हाला 1885 चा टेलिग्राफ कायदा सांगितला होता. लाइनवर कानावर पडलेला शब्द बाहेर गेला तर नोकरी जाईल आणि वर शिक्षा. पस्तीस वर्षांत मी ह्यांनासुद्धा काही सांगितलं नाही. एक फार मोठे गृहस्थ, सगळ्या महाराष्ट्राला माहीत, रोज रात्री पावणेअकराला नागपूरला एका विशिष्ट नावाने कॉल बुक करायचे आणि... जाऊ दे. मी भेंडी चिरली.

आता त्याची कमाई. पैसे हळूहळू मिळू लागलेत, पण त्याआधी कितीतरी महिने त्याची घरात येणारी मिळकत म्हणजे सेल. लॅपलच्या डब्यांत पेन्सिल सेल लागतात आणि ते संपेपर्यंत कोणी वाट बघत नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळे बदलायचे, हा नियम. अर्धे वापरलेले सेल बूम्या पिशवी भरून घरी आणतो. आमचं घड्याळ, टीव्हीचा रिमोट, ह्यांचा दाढीचा ट्रिमर, ब्लडप्रेशरचं मशीन, सगळं मराठी चित्रपटसृष्टीवर चालतं. भिंतीवरचं घड्याळ एखाद्या दिवशी पाच मिनिटं मागे पडलं, की मी समजते, हा सेल सासूच्या पदरातला असणार. ती फार वेळ रडते.

आणि एक दिवस त्याला बढती मिळाली. बढती म्हणजे एक शब्द बोलायचा अधिकार. टेकच्या आधी "रोल साउंड" अशी आरोळी होते आणि साउंडकडून उत्तर जातं, "स्पीड". पूर्वी टेपची मोटर पूर्ण वेगात यायला क्षणभर लागायचा, ती आली की हा शब्द. आता मोटर नाही, टेप नाही, कार्डावर आकडे पडतात, पण शब्द राहिलाय. तो शब्द आला, की मगच कॅमेरा फिरतो. वस्तादांच्या घशाला इन्फेक्शन झालं आणि त्यांनी बूम्याला सांगितलं, उद्या तू म्हण. आदल्या रात्री पोरगा बाथरूममध्ये अर्धा तास "स्पीड, स्पीड" करत होता. हे बाहेरून म्हणाले, "अरे, जोर करू नकोस, केळं खा."

दुसऱ्या दिवशी आरोळी झाली. बूम्याने "स्पीड" म्हटलं. कोणाला ऐकूच गेलं नाही. पुन्हा आरोळी, पुन्हा स्पीड. पन्नास माणसं थांबलेली. शेवटी असिस्टंट डिरेक्टर ओरडला, "अरे, साउंडचा आवाज कुठंय?" दीड वर्ष दुसऱ्यांना हात जोडून हळू बोला, हळू बोला करण्यात त्याचा स्वतःचा आवाजच आटला होता.

आता तो मालाडला तिघांत खोली घेऊन राहतो, पण सुटे आवाज आमच्याकडूनच नेतो. दाराची कडी, खलबत्ता, चपला, ह्यांचा खोकला. गेल्या मे महिन्यात आला तो वस्तादांच्या गाडीतून, वस्तादांसकट. 1986 सालात घडणारा सिनेमा, त्यात ट्रंक ऑपरेटरचा नुसता आवाज हवा होता. दोन मुली बोलून गेल्या, दोघी कॉल सेंटरसारख्या वाटल्या. "घरात ओरिजिनल माल असताना बाहेर कशाला," वस्ताद म्हणाले. मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यांत लांब वाक्य.

मला बेडरूममध्ये उघड्या कपाटासमोर उभं केलं. साड्या आवाज पितात. उरलेल्या तीन बाजूंना गोधड्या लावल्या, डोक्यावर एक टाकली. पंखा बंद. बूम्या आत जाऊन फ्रीज बंद करून आला. फ्रीज घुमतो म्हणून बंद करायचा आणि परत सुरू करायला विसरू नये म्हणून आपली किल्ली त्यात ठेवायची. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, म्हणजे फ्रीज चालू केल्याशिवाय जाता येत नाही. साउंडवाल्यांची ही जुनी युक्ती. मला तिचं कौतुक होतं.

"रोल साउंड," वस्ताद म्हणाले. "स्पीड," बूम्या म्हणाला, चांगला खणखणीत. आणि जे वाक्य मी आयुष्यात हजारो वेळा बोलले होते, ते माझ्या तोंडून आकाशवाणीच्या बातम्यांसारखं बाहेर पडलं. दुसऱ्या टेकला कोकीळ. तिसऱ्याला खालच्या मजल्यावरचा कुकर. चौथा बरा चालला होता, तेवढ्यात हॉलमधून ह्यांनी विचारलं, "झालं का? चहा टाकू?" सातव्यापर्यंत मला घामाच्या धारा लागल्या होत्या आणि आवाज जास्त जास्त गोड होत चालला होता. वस्तादांनी बूम्याकडे बघितलं. तो गोधडी सरकवून बाहेर गेला. मला वाटलं, पाणी आणायला गेला.

आणि पॅसेजमधून कोणीतरी खेकसलं, "ओ बाई! सांगलीचा नंबर सकाळपासून मागतोय, झोपा काढता काय तिकडे?"

"आवाज खाली ठेवा," माझ्या तोंडून आपोआप गेलं. "सांगली लाइनवर आहे, बोला." मग तीन मिनिटं झाल्यावर म्हणायचं तेही, त्याच दमात, त्याच कंटाळ्याने, "थ्री मिनिट्स ओव्हर. वाढवायचा का?"

"ओके," वस्ताद म्हणाले. मशीन सुरूच होतं.

मग रूम टोन. काम संपलं, की सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहायचं आणि त्या जागेची नुसती शांतता एक मिनिट रेकॉर्ड करायची. पुढे आवाज जोडताना मध्ये ठिगळ लावायला ती लागते. प्रत्येक खोलीची वेगळी असते, एकीची दुसरीला चालत नाही. बूम्याने हेडफोन माझ्या कानाला लावला. पंखा नाही, फ्रीज नाही. हे चहाचा ट्रे घेऊन दारात तसेच उभे, समोरच्या काकू वाटी घेऊन त्यांच्यामागे, त्याही गप्प. ट्रेमधल्या बशा ह्यांच्या हातात अगदी बारीक किणकिणत होत्या. डोळ्यांनी बघून मला कधी कळलं नव्हतं, की ह्यांचा हात हल्ली एवढा थरथरतो. मिनिट संपलं. काकूंनी श्वास घेतला आणि सुनेचा विषय जिथे सोडला होता तिथून उचलला.

मानधनाचं विचारलं तेव्हा बूम्या वायर एक सरळ एक उलटी करत म्हणाला, "बजेट फार नाहीये, आत्या. पण क्रेडिट देऊ." वस्ताद फार कमी वेळा हसतात, तसं हसून त्यांनी चहा संपवला आणि दोघं सामान घेऊन गाडीतून गेले.

रात्री पावणेअकराला फोन. "आत्या, मी मालाडला आहे, खोलीच्या दाराशी. दोघंही गावी गेलेत. किल्ली बहुतेक..." मी फ्रीज उघडला. दिवा लागला नाही. दूध फाटलेलं, विरजणाला फेस आलेला, खाली पाण्याचं तळं, आणि कोबीशेजारी खोलीच्या न् स्कूटरच्या किल्ल्यांचा जुडगा. गारसुद्धा नव्हता.

पलीकडून तो भडाभडा बोलत होता. वस्तादांना त्याला मालाडला सोडायची घाई होती, गाडी त्यांची असल्यामुळे स्कूटरची आठवणच झाली नाही, ही युक्ती स्वतःच्या गाडीने येणाऱ्यालाच लागू पडते, दूध किती होतं, उद्या आणून देतो, आता रिक्षाने येऊ का, काका झोपले असतील तर बेल न वाजवता कसं. मी बोर्डावर बसल्यासारखी शांत ऐकत उभी राहिले, भिंतीवरच्या सासूच्या सेलच्या घड्याळाकडे बघत. काटा तीनदा फिरला.

"थ्री मिनिट्स ओव्हर," मी म्हटलं. "वाढवायचा का?"